सुगीतली खर्ड्याची लढाई

उमरग्याला माझी शाळा हमरस्त्याच्या कडेलाच आहे. माघ सरत आला की कडब्यानं भरलेले ट्रक रस्त्यावरून जाऊ लागतात. इतके फुगलेले, की समोरून येणाऱ्याला वाटावं, एखादी गंजच चाकं लावून निघाली आहे. त्यांच्या मागं वाळलेली पानं उडत राहतात आणि तो वास खिडकीतून वर्गात येतो. ज्वारीच्या धाटाचा, थोडा गोडसर, थोडा धुळीचा. आठवीची मुलं शिंकतात. मी फळ्यावर लिहिता लिहिता थांबतो आणि माझ्या उजव्या हाताचं पहिलं बोट आपोआप हलतं, माऊसवर टिचकी मारावी तसं.

या वासानं कुणाला हुरडा आठवत असेल, कुणाला मळणी यंत्राचा आवाज. मला एक जुना, जाडजूड संगणक आठवतो. तो आमच्या घरात आईच्या धान्याच्या पत्र्याच्या पेटीवर ठेवलेला होता. त्याच्या पडद्यावर एक नकाशा. बिदरपासून खर्ड्यापर्यंतचा मुलूख, त्यातून वाकडीतिकडी जाणारी मांजरा नदी, आणि सगळ्या मुलखावर मोहोळासारखी सहा कोनांची घरं. त्या घरांतून दोन फौजा सरकत असायच्या. हिरव्या सोंगट्या निजामाच्या, भगव्या पेशव्यांच्या.

ती सुगी मी बी. ए. झालो त्या वर्षीची. आमच्या घरात पदवी घेणारा मी पहिलाच. आबा, म्हणजे माझे वडील, मेंढरं राखतात, त्यांचे वडीलही तेच करायचे. माझं पदवीचं प्रमाणपत्र आबांनी दारात उजेडाला धरून बराच वेळ पाहिलं आणि म्हणाले, "शिक्का चांगला उठलाय." यापेक्षा मोठी शाबासकी मला आजवर कुणी दिलेली नाही.

पण तो शिक्का उठायला आणखी एक माणूस कारण होता, ते म्हणजे अण्णा. अण्णा आमच्या गावातले मोठे शेतकरी, ओढ्याच्या दोन्ही अंगांना त्यांची काळी रानं. त्यांचा मुलगा अभ्या माझ्याच वर्गातला. दहावीनंतर आम्ही दोघं कळंबच्या कॉलेजात गेलो, तेव्हा अण्णांनी अभ्यासाठी तिथं एक खोली घेतली. मी रोज यष्टीनं जायचं ठरवलं होतं. अण्णांनी मला पारावर गाठलं.

"सिधू, तुजी वळकटी कुठं टाकनार हाईस?"

"घरीच की अण्णा."

"घरी कशाला? अभ्याच्या शेजारी टाक. हेलपाट्यात अभ्यास व्हायचा न्हाय."

तेवढंच बोलले आणि गेले. पुढची पाच वर्षं मी त्या खोलीत काढली. आजही कुणी मला 'सर' म्हणून हाक मारली की एका कानात आबांच्या कळपातल्या घंट्या वाजतात आणि दुसऱ्या कानात अण्णांचं ते वाक्य.

त्याच खोलीत हा खेळ आमच्या आयुष्यात आला. परदेशात लोक जुन्या लढाया पुठ्ठ्याच्या पटावर खेळतात. घोडदळ एका डावात किती घरं जाईल, तोफखाना किती, रसद तुटली की फौजेचं काय होईल, याचे नियम ठरलेले असतात. मध्येच फासा टाकायचा, म्हणजे नशिबालाही वाटा मिळतो. असे पट संगणकावर मांडून देणारा एक फुकटचा प्रोग्राम अभ्याला सापडला. त्यात आपला नकाशाही करता येत होता. अभ्या संगणकाचं शिकत होता, मी इतिहास. आमच्या इतिहासाच्या सरांनी वर्गात सांगितलं होतं की खर्ड्याच्या लढाईला निघालेली निजामाची फौज बिदरहून मांजरेच्या काठाकाठानं आली, ती आपल्याच भागातून. तेही फाल्गुनात, सुगीच्या दिवसांत. आम्ही दोघं त्या वाक्यानं पेटलो. दोन महिने खपून आम्ही खर्ड्याचा पट बनवला. अभ्यानं घरं आखली, मी सोंगट्या आणि नियम लिहिले. उभ्या ज्वारीचं घर पिवळं, काढलेलं रान करडं. पिवळ्या घरातून फौज गेली तर तिला दाणावैरण मिळणार आणि घर करडं होणार. आम्हाला वाटलं, आता यात कसली कसर राहिली नाही.

पदवी घेऊन आम्ही गावी आलो. अभ्याकडं नवा लॅपटॉप होता, म्हणून जुना संगणक त्यानं मला दिला. निजाम कुणी घ्यायचा यावर छापा-काटा झाला आणि तो माझ्या वाट्याला आला. एकानं आपली चाल करायची, फाईल मोबाइलवरून दुसऱ्याला पाठवायची, सोबत दोन ओळींची चिठ्ठी. दुसऱ्यानं ती उघडून आपली चाल करायची. गावात दोन घरांमधलं अंतर पाच मिनिटांचं, तरी आम्ही फाईलच पाठवायचो, कारण समोरासमोर बसलो की चालीपेक्षा गप्पाच जास्त व्हायच्या.

आता या दोन घरांमध्ये आमच्या मैत्रीच्याही आधीचा एक रिवाज होता. ज्वारी निघून रान मोकळं झालं की आबांची मेंढरं अण्णांच्या रानात बसायची. दिवसा धसकटातला पाला खायची आणि रात्री सुताच्या जाळीचं कुंपण करून त्यात राहायची. या जाळीला आम्ही वाघर म्हणतो. मेंढरांना चारा, रानाला लेंडीचं खत. पण आबा आपणहून कधी जात नसत. अण्णांचं बोलावणं यायचं, बांधावर नारळ फुटायचा, मगच पहिलं मेंढरू आत पाय टाकायचं. मी जन्मायच्या आधीपासून एकही साल हे चुकलं नव्हतं.

त्या साली चुकलं, आणि ते माझ्यामुळं. पौष महिना होता. आबा देवीला तुळजापूरला गेले होते आणि कळपावर मी होतो. मेंढरं अण्णांच्या बांधाच्या अलीकडं शांत चरत होती. माझं सगळं डोकं माझ्या तोफखान्यात अडकलं होतं, आणि हातातली काटकी बांधावरच्या धुळीत घरं काढत होती. मांजरा कुठून ओलांडावी? नदीच्या उथळ उताराच्या खालून की वरून? किती वेळ गेला कळलं नाही. मान वर केली तेव्हा बांधाच्या अलीकडं एकही मेंढरू नव्हतं. सगळी दीडशे मेंढरं अण्णांच्या ज्वारीत होती. ज्वारी हुरड्यात आलेली, कणसं दुधानं टच्च भरलेली, आणि वाकवलेल्या ताटांवर मेंढरं चवीनं चरत होती. मी ओरडत, दगड मारत त्यांना बाहेर काढलं तेव्हा अर्धी पट्टी लोळली होती.

दुसऱ्या दिवशी अण्णा आबांना पारावर भेटले. मी आबांच्या मागं उभा होतो. अण्णांनी आवाज चढवला नाही. चढवला असता तर बरं झालं असतं.

"म्हाळप्पा, हुरड्याची पट्टी हुती ती. पाव्हणे बोलावले हुते मी."

"व्हय अण्णा. चूक माजी हाय."

"यंदा मेंढरं दुसरीकडं बसवा."

आबा म्हणाले, "बरं." बस्स, एवढंच. माझं नाव त्यांनी घेतलं नाही. मी पुढं होऊन सांगायला हवं होतं की कळपावर मी होतो. तोंड उघडलं नाही. पाच वर्षं ज्याच्या खोलीत राहिलो, त्या माणसासमोर मी पदवीधर होऊन मुका उभा राहिलो.

घरी येताना आबा एकच वाक्य बोलले. "तू आता तुजी संगणकातली घोडी संबाळ. मेंढरं मी बगतो."

आई चुलीपुढून म्हणाली, "घोडी तरी जाग्यावर हायत का बग आधी."

त्या दिवसापासून अभ्या आमच्याकडं यायचा बंद झाला. कुणी त्याला नको म्हटलं नव्हतं. पण दोन बाप बोलेनासे झाले की मुलांनी एकमेकांच्या ओट्यावर बसायचं नसतं, हे गावात कुणाला शिकवावं लागत नाही. रोजच्या भेटी थांबल्या, चिठ्ठ्याही कोरड्या झाल्या. फक्त डाव चालू राहिला. फाईल आली की माझा जीव भांड्यात पडायचा. वाटायचं, निदान एवढी एक वाट अजून उघडी आहे.

माघातल्या एका संध्याकाळी आबा मेंढरं कोंडून आले आणि पाय धुऊन माझ्या मागं उभे राहिले.

"ही निळी वाकडी रेघ कसली रं?"

"मांजरा."

"मंग आपलं गाव हितं पायजे." त्यांनी पडद्यावर बोट टेकवलं. नेमकं आमच्याच गावावर. आबांना अक्षर ओळखता येत नाही, पण नदीचं वळण त्यांनी क्षणात ओळखलं. "तू कुनाकडून हाईस?"

"निजामाकडून."

"असूं दे. आपला जुनाच मालक हाय." आबा हसले. पौषानंतर पहिल्यांदाच हसले. "मंग ह्ये काय चाललंय?"

"तोफा आणि बैल या ओढ्याकाठनं नेतोय."

"बैल मरतील तुजे. फाल्गुनात त्या ओढ्याला पानी कुठं असतंय?"

"आबा, नियम आहे. ओढ्याच्या घरात पाणी मिळतं."

"नियम कुनी केला?"

"आम्हीच."

"मंग चुकला," आबा म्हणाले आणि भाकरी खायला बसले.

मी रात्रभर नाही, पण जेवण होईस्तोवर विचार केला, आणि आबांचं म्हणणं बरोबर निघालं. मी अभ्याला चिठ्ठी लिहिली. फाल्गुनापासून ओढे कोरडे धरावेत, असा नियम बदलूया. दुसऱ्या दिवशी उत्तर आलं. 'मान्य. पण ओढा आटला तरी डोहात पाणी राहतं. तीन डोह धर.' आणि तीन घरांची नावं. मी आबांना वाचून दाखवलं.

"बरोबर हाय," आबा म्हणाले. "पोरगं हुशार हाय."

मला मात्र नवल वाटलं. ज्या अभ्याला स्वतःच्या विहिरीची मोटार कुठल्या कोपऱ्यात आहे ते सांगता येत नव्हतं, त्याला डोह कधीपासून कळायला लागले?

तिथून पुढं चालींपेक्षा नियमच जास्त बदलायला लागले. आबा रोज संध्याकाळी येऊन बसत आणि मी त्यांचा हात झालो. त्यांनी सांगायचं, मी सोंगटी सरकवायची. त्यांनी म्हटलं, करडईच्या रानातून घोडा जाणार नाही, काटे लागतात. मी लिहिलं. उत्तर आलं, 'जाईल, पण एका डावात एकच घर.' आबांनी म्हटलं, एका रानात दोन मुक्काम झाले की चारा संपतो. उत्तर आलं, 'मान्य. पण रान खतावतं, म्हणून पुढच्या साली तिथं दुप्पट पीक धरावं.' एका फाल्गुनात संपणाऱ्या लढाईत पुढचं साल कुठून आणायचं? पण आबांनी मान डोलावली. "ह्ये बी खरं हाय. लिव."

आमची नियमावली चार पानांची होती, ती अकरा पानांची झाली. फौजा खर्ड्यापर्यंत पोचायचं राहिलं बाजूला, त्या आमच्याच तालुक्यात अडकून पडल्या.

संगणकातल्या फाशावर आबांचा विश्वास नव्हता. "फासा दिसत न्हाय, टाकनारा दिसत न्हाय, आन् आकडा येतोय कुठनं?" शेवटी त्यांनी तोडगा काढला. आईचा हात चांगला आहे, म्हणून फासा आईनं टाकायचा. मग लढाईची वेळ आली की आबा हाक मारत आणि आई परातीतला हात तसाच घेऊन येई, "दोन राजं झालेत घरात, कामाला कोनच न्हाय," म्हणत माऊसवर बोट दाबी. तिला खरंच चांगले आकडे पडत. माझा काळा माऊस त्या महिन्यात ज्वारीच्या पिठानं पांढरा झाला होता. त्याच्या फटीतलं पीठ मी पुढं काडीनं कोरून काढलं, आणि काढताना वाईट वाटलं.

एकदा माझ्याकडून सोंगटी भलत्याच घरात पडली. मी चाल मागं घेण्याचं बटण दाबलं. सोंगटी जागेवर आली. आबांनी ते पाहिलं.

"मागं घेता येतं व्हय?"

"येतं की."

"मंग ह्ये बटन वापरायचं न्हाय. सुटलेलं जनावर कुनी मागं घेतं का?"

ते सहज बोलले होते. टोमणा मारणं आबांच्या स्वभावात नाही. पण मला ती हुरड्याची पट्टी दिसली. त्या संध्याकाळी मी ठरवलं की अण्णांना जाऊन सांगायचं. ठरवलं, आणि चार दिवस त्यांच्या गल्लीच्या तोंडाशी जाऊन परत आलो.

आता वर्गात मी मुलांना लढाया शिकवतो तेव्हा सनावळ्या फार घोकून घेत नाही. आधी विचारतो, "ही फौज त्या महिन्यात जनावरांना काय खायला घालत होती?" पहिल्यांदा मुलं गोंधळतात. मग मागच्या बाकावरचा, ज्याच्या घरी चार म्हशी आहेत, असा एखादा मुलगा हात वर करतो आणि त्याला सगळं येत असतं. त्याचा चेहरा उजळतो. परीक्षेच्या दृष्टीनं याचा उपयोग किती, ते मला सांगता येणार नाही. पण असा एक हात वर आला की मला आबांचं पडद्यावर टेकलेलं बोट दिसतं.

माघ संपत आला. गावात ज्वारी काढायला लागले. बायकांचे घोळके पहाटेच रानात जात, कणसं मोडून ढीग लागत, पेंढ्या बांधल्या जात. एकेक रान पिवळ्याचं करडं होत होतं, अगदी आमच्या पटावर व्हायचं तसं. आबा कळप घेऊन ओढ्याच्या पड जमिनीवर जात. तिथं चारा असा नव्हताच. मेंढरांच्या पाठी वर आल्या होत्या. अण्णांच्या रानात काढणी चालू होती, ती आबांना पलीकडून दिसायची. ते त्याबद्दल कधी बोलले नाहीत. मग कुणीतरी सांगितलं की बीडकडचा एक कळप शिवेवर येऊन थांबला आहे आणि त्यांचा माणूस अण्णांना भेटून गेला. आबांनी ऐकलं आणि म्हणाले, "त्यांची बी मेंढरंच हायत."

अण्णांचं रान एकदा दुसऱ्या कळपाला गेलं की ते पुन्हा आमच्याकडं येत नाही, हे आम्हा सगळ्यांना ठाऊक होतं. रिवाज एकदा मोडला की नवा सुरू होतो. आईनं त्या दिवशी फासा टाकला नाही. म्हणाली, "आज हात चालत न्हाय."

त्याच दोन-तीन दिवसांत आबा पडद्याकडं बघता बघता म्हणाले, "सिधू, ह्यो अभ्या न्हाय."

"काय?"

"ह्ये बग. त्याची फौज ह्या पिवळ्या घरातनं गेली असती तर आपल्या अंगावर आली असती. गेली का? न्हाय. काल बी न्हाय. परवा बी न्हाय. चारा मिळतो, वाट जवळची हाय, तरी वळसा घालतोय. चित्रातल्या ज्वारीत बी ज्याचा पाय पडत न्हाय, असा गावात एकच मानूस हाय."

मी मागच्या सगळ्या चाली उघडून पाहिल्या. अभ्याचा खेळ मला माहीत होता. तो घोडदळ घेऊन सरळ अंगावर येतो आणि सहाव्या डावात हरतो. हा माणूस सावकाश चालत होता, बैल सावलीला ठेवत होता आणि उभ्या ज्वारीच्या एकाही घरात त्यानं पाऊल टाकलं नव्हतं. माझ्या अंगावर काटा आला, आणि हसूही आलं. पारावर एकमेकांकडं न बघणारी दोन माणसं तीन आठवडे मांजरेच्या काठावर रोज भेटत होती.

"त्यांना कळलं असेल का, की इकडून तुम्ही आहात?"

"करडईचे काटे तुला कवा ठाव हुते?" आबा म्हणाले.

मग तो डाव आला. अण्णांचे रसदीचे बैल एका डोहाजवळ उघडे पडले होते. आमचं घोडदळ दोन घरांवर. बैल मारले की पेशव्यांची सगळी फौज उपाशी, म्हणजे डाव आमचा. मध्ये फक्त एक घर होतं, पिवळं.

"आबा, जिंकलो!" मी सोंगटी उचललीसुद्धा. "इथून सरळ."

"न्हाय. वळसा घाल."

"वळसा घातला तर दोन डाव जातील. तोवर ते बैल हलवतील. आबा, नियमात बसतं हे. खेळ आहे."

"मेंढरं गेली ती नजरचुकीनं गेली," आबा म्हणाले. "ही मी हातानं घालू व्हय?"

मी वळसा घातला. फाईल पाठवली. चिठ्ठीत काहीच लिहिलं नाही.

दुसऱ्या दिवशी उत्तर आलं नाही. तिसऱ्या दिवशीही नाही. इतक्या दिवसांत एकदाही खंड पडला नव्हता. मी दर तासाला मोबाइल बघत होतो. आबा संध्याकाळी येऊन न विचारता फक्त माझ्या तोंडाकडं बघत आणि पाय धुवायला जात. मला वाटलं, ती एक वाटसुद्धा बंद झाली.

चौथ्या दिवशी सकाळी अण्णांची मोटारसायकल दारात थांबली. मागं अभ्या, मांडीवर पिशवी. आबा मेंढरं सोडायच्या तयारीत होते, ते थांबले. आईनं बाजेवर घोंगडी टाकली आणि चहा ठेवला. अण्णा बसले. चहा आला. अभ्या माझ्याकडं बघून भुवया उडवत होता. अर्धा कप संपल्यावर अण्णांनी तोंड उघडलं.

"म्हाळप्पा, त्या पिवळ्या घरातनं कामून आला न्हाईत?"

आबांनी खाली बघितलं.

"माजे बैल उघडे पडले हुते. मी अभ्याला मनलो, संपलं आपलं, आता येतंय बग ह्ये. आन् तुमी गेलाव वळसा घालून."

"तुमची ज्वारी हुती, अण्णा."

"ती काय खरी हुती का?"

"घोडी तरी कुठं खरी हुती? पर नेनारा तर मीच हुतो की."

अण्णांनी कप खाली ठेवला. आता नाही तर कधीच नाही, असं मला वाटलं. मी पुढं झालो.  "अण्णा, त्या दिवशी आबा तुळजापूरला होते. कळपावर मी होतो. माझं लक्ष या खेळात होतं. चूक माझी आहे, आबांची नाही. मी पारावरच सांगायला पाहिजे होतं."

"ठाव हाय मला," अण्णा म्हणाले. "त्याच दिवशी बांधावर धुळीत काटकीनं काढलेली घरं बगितली मी. म्हाळप्पाला कुठं येतंय सहा कोनांचं घर काढाया? मी वाट बगत हुतो, कोन येऊन सांगतंय ते. दोन महिने लावलास, लेका." मग आबांकडं वळून, "आन् तुमी बी. ह्याला पाठीशी घातलाव."

"पोरगं हाय," आबा म्हणाले. "पाठीशी न्हाय तर कुठं घालू?"

यावर अण्णा मोठ्यानं हसले. आई आतून पदर तोंडाला लावून हसली. अभ्यानं मग सांगून टाकलं की एका दुपारी अण्णा त्याच्या मागं येऊन उभे राहिले आणि म्हणाले, 'ह्ये बैल उन्हात कुनी बांधले?' त्या दिवसापासून लॅपटॉप त्याच्या हाताला लागला नव्हता.

"चाल का पाठवली नाही मग?" मी विचारलं.

"चाल कवा करनार? मानसं लावून कडबा काढत हुतो तीन दिस," अण्णा म्हणाले. "बीडवाल्यांना पुढच्या गावाला लावून दिलं. रान मोकळं हाय." त्यांनी अभ्याकडं हात केला. अभ्यानं पिशवीतून नारळ काढला.

तो डाव आम्ही कधीच पुरा केला नाही. अभ्या आता पुण्याला असतो आणि आम्ही दोघं नव्या पटांवर नव्या लढाया खेळतो. पण खर्ड्याची ती फाईल जशीच्या तशी ठेवली आहे. घोडदळ वळशाच्या वाटेवर, बैल डोहाजवळ उघडे. अजून मांजरेच्या काठावर दोन्ही फौजा सुखरूप आहेत.

त्या दुपारी मेंढरं अण्णांच्या रानात गेली. नारळ बांधावरच्या दगडावर फुटला, म्होरक्या मेंढ्यानं जरा थांबून वास घेतला, आणि मग घंट्या वाजवत सगळा कळप धसकटात पांगला. धूळ उडाली. नंतर फक्त चरायचा आवाज, सगळ्या रानभर, एकसारखा कुरुकुरु. आबा बराच वेळ नुसते उभे राहून तो ऐकत होते. ऊन कलल्यावर त्यांनी खांद्यावरची वाघर उतरवली आणि उलगडायला लागले. मी दुसरं टोक धरायला निघालो, तर अण्णा माझ्या आधी पोचले. त्यांनी पांढरंशुभ्र धोतर गुडघ्याच्या वर खोचलं, वाकून जाळीचं टोक उचललं आणि शंभर पावलं चालत गेले. इतक्या सालांत त्यांनी या जाळीला हात लावलेला मी कधी पाहिला नव्हता. त्यांनी मेख जमिनीत उभी धरली आणि दगडानं घाव घातला.

"तशी न्हाय अण्णा," आबा पलीकडून ओरडले. "जरा भायेर तिरकी धरा. सरळ ठोकली की मेंढरानं अंग घासलं तरी उपटती."

अण्णांनी मेख काढली, तिरकी केली आणि मान वळवून विचारलं, "अशी?"

"अशी," आबा म्हणाले.